इंटेलचा चौथ्या पिढीचा आय५ प्रोसेसर, एच८१ मदरबोर्ड, ३०० वॅटचा एसएमपीएस (कॉम्प्युटरला वीज देणारा डबा). व्हिडिओ एडिटिंगसाठी कोणतं ग्राफिक्स कार्ड बसेल?

एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५० घ्या, पण सहा पिनची वेगळी पॉवर केबल न लागणारं मॉडेल बघून. हे कार्ड ७५ वॅटवर चालतं आणि तेवढी वीज बोर्डाचा स्लॉटच देतो, त्यामुळे तुमचा एसएमपीएस चांगल्या कंपनीचा असेल तर बदलायची गरज नाही.

दुकानदार बहुधा एएमडीचं आरएक्स ६४०० सुचवेल, कारण ते १६५० पेक्षा नवीन आहे. तुमच्यासाठी ते नकोच. त्याला पीसीआयईच्या (कार्ड आणि बोर्डाला जोडणाऱ्या मार्गाच्या) फक्त ४ लेन आहेत. पीसीआयईच्या चौथ्या पिढीच्या स्लॉटवर त्या पुरतात, पण एच८१ वर स्लॉट दुसऱ्या पिढीचा, म्हणजे प्रत्येक लेनचा वेग साधारण पाव. शिवाय आरएक्स ६४०० मध्ये व्हिडिओ एन्कोडरच (एडिट केलेल्या व्हिडिओची फाइल बनवणारा भाग) नाही, म्हणजे एक्सपोर्टचा सगळा भार पुन्हा प्रोसेसरवर. १६५० ला १६ लेन आहेत आणि एन्कोडरही आहे. इंटेलचं आर्क कार्ड तर या बोर्डावर लावूच नका, त्याला लागणारी रिसायझेबल बार ही सोय (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी) इथे मिळत नाही.

कॅबिनेट बारीक असेल तर लो प्रोफाइल म्हणजे कमी उंचीचं कार्ड लागेल, आधी पट्टीने मोजा.

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा ऑनलाइन ओळखीतून जुनं कार्ड घेत असाल तर पैसे देण्याआधी १५-२० मिनिटं लोडवर, म्हणजे जड काम देऊन, चालवून बघाच. आपलं अख्खं कॅबिनेट सोबत घेऊन जा, म्हणजे तुमच्या बोर्डावर डिस्प्ले येतो का तेही तिथेच कळेल. मी हे न करता एकदा कार्ड घरी आणलं आणि स्क्रीन काळीच राहिली, बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केल्यावर चित्र आलं.

रॅम ८ जीबी असेल तर आधी १६ करा. एडिटिंगला तो फरक लगेच जाणवतो.