बिनलेबलचा डबा

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा, वेटलिफ्टिंग करतो. व्यायामशाळेतल्या एका दादाने बिनलेबलची पावडर दिलीय. घेऊ द्यावी का? – एक आई, सांगली

उत्तर : ताई, आजच बंद करा. शरीरात बंदी असलेलं काही सापडलं की जबाबदार खेळाडूच. ‘माहीत नव्हतं’ म्हणून सुटका होत नाही. वेटलिफ्टर संजिता चानूने 2014 आणि 2018च्या राष्ट्रकुल स्पर्धांत सुवर्ण जिंकलं. पुढे 2022च्या चाचणीत ड्रोस्टॅनोलोन हे बंदी असलेलं स्टेरॉइड सापडलं, चार वर्षांची बंदी आली. फार वाईट वाटलं मला. शिवाय अशा पावडरीत स्टेरॉइड असलं, तर या वयात त्यामुळे हाडांची वाढ वेळेआधीच थांबू शकते. दूध, अंडी, उसळी, भरपूर झोप, एवढ्यावर ताकद येऊ द्या. सर्दीची गोळीसुद्धा डॉक्टरांना ‘पोरगं स्पर्धेत उतरतं’ असं सांगूनच घ्या. आणि त्या दादाचं नाव प्रशिक्षकांच्या कानावर घालाच.