पाळक झाल्या म्हणून लेखणी सोडली का?

प्रश्न : कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढलेले नेते मार्टिन ल्यूथर किंग यांच्या पत्नी कोरेटा स्कॉट किंग यांच्या आत्मचरित्राचं शब्दांकन करणाऱ्या बार्बरा रेनॉल्ड्स यांच्या नावाआधी मुखपृष्ठावर 'रेव्हरंड डॉक्टर' असं छापलंय. त्या तर अमेरिकेतल्या नावाजलेल्या पत्रकार. पाळक, म्हणजे चर्चच्या धर्मगुरू, व्हायला त्यांनी पत्रकारिता सोडली का? आणि चर्चच्या सेवेत असलेल्या माणसाच्या लिखाणावर भरवसा कसा ठेवायचा?
– पत्रकारितेची एक विद्यार्थिनी

उत्तर : सोडली नाही. काही वर्षं तर दोन्ही वाटा एकदमच चालू होत्या.

रेनॉल्ड्स मूळच्या ओहायोतल्या कोलंबसच्या. 'शिकागो ट्रिब्यून'मध्ये त्यांचं नाव झालं आणि १९८०च्या दशकात त्या 'यूएसए टुडे'च्या संपादकीय मंडळावर आल्या. रोज एका व्यक्तीशी प्रश्नोत्तरं छापणारं सदर त्यांच्याकडे होतं. राष्ट्रीय दैनिकाची मतं ठरतात त्या खोलीत एक कृष्णवर्णीय बाई बसणं तेव्हा अगदी दुर्मीळ होतं. कचेरी पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठावर, आणि पलीकडे वॉशिंग्टनमध्ये हॉवर्ड विद्यापीठ. नोकरी सांभाळून त्यांनी तिथं धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १९९१मध्ये पदव्युत्तर पदवी घेतली. पाळकपदाची दीक्षाही घेतली, डॉक्टरेटही मिळवली. 'यूएसए टुडे'तली नोकरी १९९६मध्ये संपली, पण लिहिणं चालूच राहिलं.

भरवशाचं म्हणाल, तर त्यांचं १९७५चं जेसी जॅक्सन यांच्यावरचं पुस्तक बघा. जॅक्सन बाप्टिस्ट पाळक, शिकागोच्या कृष्णवर्णीय वस्त्यांचे लाडके नेते. ४ एप्रिल १९६८ला मेंफिसमधल्या एका मोटेलवर मार्टिन ल्यूथर किंग यांना गोळी लागून ते गेले, आणि दुसऱ्या दिवशी जॅक्सन रक्ताचे डाग पडलेल्या कपड्यांत शिकागोत लोकांसमोर आले. अखेरच्या क्षणी किंग आपल्या हातांत होते, असं त्यांनी सांगितल्याचं छापून आलं. मोटेलवर हजर असलेल्या इतर साथीदारांना ते मान्य नव्हतं. रेनॉल्ड्स यांनी ते सगळं खोदून काढलं. आपल्याच समाजाच्या लाडक्या नेत्याबद्दल असं लिहायचं म्हणजे घरच्यांचा रोष ओढवून घेणं, आणि तो त्यांनी सोसला.

हे दीक्षेच्या आधीचं, असं तुम्ही म्हणाल, आणि ते खरंच आहे. नंतरचं उदाहरण देते. २०१५मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'मध्ये त्यांनी कृष्णवर्णीयांवरच्या पोलिसी हिंसेविरुद्धच्या 'ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर' चळवळीतल्या तरुण कार्यकर्त्यांच्या भाषेवर आणि पद्धतीवर टीका केली. १९६०च्या दशकातल्या, चर्चमध्ये वाढलेल्या नागरी हक्क चळवळीची शिस्त हा त्यांचा मापदंड होता. मला तो लेख पटला नाही. पण आपण कुठून बोलतोय हे त्यांनी लपवलं नाही, आणि स्तंभलेखकाकडून माझी पहिली अपेक्षा हीच असते.

शिवाय कृष्णवर्णीयांच्या अमेरिकेत छापखाना आणि चर्च यांच्यात कधी भिंतच नव्हती. त्यांचं पहिलं वृत्तपत्र 'फ्रीडम्स जर्नल' १८२७मध्ये न्यूयॉर्कमध्ये निघालं. त्याच्या दोन संपादकांपैकी सॅम्युअल कॉर्निश प्रेस्बिटेरियन पाळक होते. गोऱ्यांची वृत्तपत्रं ज्यांचा शब्द छापत नव्हती, त्यांना जमायला जागा आणि वर्गणी चर्चमधूनच मिळणार होती. बाल्टिमोरचं 'ॲफ्रो-अमेरिकन' १८९२मध्ये एका पाळकानंच सुरू केलं. पुढे जॉन मर्फी यांनी बायकोकडून घेतलेल्या २०० डॉलरांत ते विकत घेतलं. मर्फी जन्मानं गुलाम होते. त्यांची पणती व्हाश्ती मर्फी मॅकेन्झी आधी पत्रकार होत्या, नंतर पाळक झाल्या, आणि २०००मध्ये आफ्रिकन मेथडिस्ट एपिस्कोपल चर्च या कृष्णवर्णीयांच्या ख्रिस्ती पंथाच्या पहिल्या महिला बिशप, म्हणजे वरिष्ठ धर्माधिकारी. याच चर्चनं जॅरिना ली या बाईंना १८१९मध्ये प्रवचन करायची परवानगी दिली होती. परवानगीपासून बिशपपदापर्यंत १८१ वर्षं! पत्रकार बाईला अवघड गेलं असेल तर ते चर्चचं व्यासपीठ, लेखणी नव्हे.

आता कोरेटा यांचं पुस्तक. ते २०१७मध्ये आलं, कोरेटा गेल्यावर अकरा वर्षांनी. मागे होत्या दोघींच्या अनेक वर्षांच्या गप्पा. मी स्वतः मुलाखतीच घेत आले आहे, म्हणून सांगते, कोरेटांसारखी जपून बोलणारी बाई एका बैठकीत मोकळी होत नाही. १९५३मध्ये लग्न लावणारे पाळक त्यांचे सासरेच होते. पतीची आज्ञा पाळीन, ही शपथ वगळा, असं नवऱ्या मुलीनं त्यांना सांगितलं, आणि त्यांनी ती वगळली. कोरेटांना फक्त 'किंग यांची पत्नी' म्हणून ओळखणाऱ्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. मात्र ती कोरेटांची बाजू आहे, हे लक्षात असू द्या. तपास करणाऱ्या रेनॉल्ड्स भेटतात त्या १९७५च्या पुस्तकात, म्हणून तुम्ही तेच आधी हातात घ्या.