नव्वदला स्टिअरिंग का थरथरतं?

प्रश्न : माझी पेट्रोल हॅचबॅक पाच वर्षांची आहे, 48,000 किमी चाललेली. टायर 165/80 आर14. 80 ते 95 च्या वेगात स्टिअरिंग थरथरतं, 70 च्या आत काहीच नाही. ब्रेक दाबल्यावर वाढत नाही. दोनदा अलाइनमेंट केलं, फरक नाही. आता गॅरेजमध्ये रॅक (स्टिअरिंगचं वळण पुढच्या चाकांपर्यंत नेणारा भाग) बदलायला सांगताहेत. बदलू का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : रॅकला तूर्त हात लावू देऊ नका. ठरावीक वेगातच येणारी थरथर बहुतेक वेळा पुढच्या चाकांच्या बॅलन्सिंगची असते. बॅलन्सिंग म्हणजे रिमला छोटी वजनं लावून चाकाचा भार सगळीकडे सारखा करणं. अलाइनमेंटमध्ये चाकांचे कोन जुळवतात. ते बिघडलं तर गाडी एका बाजूला ओढते, टायर कडेला झिजतो. असा कंप सहसा येत नाही. तुमच्या मापाचं चाक 90 च्या वेगात सेकंदाला जवळजवळ 13 वेळा फिरतं. रिमच्या कडेला वजनात फक्त 30 ग्रॅम फरक असला, तरी तिथे साडेतीन किलोचा ओढा पडतो, आणि तो दर फेरीला दिशा बदलतो.

आधी बिनखर्चाचं काम करा. चाकं काढून रिमची आतली बाजू बघा. तुमच्याकडचा लाल चिखल तिथे एकाच बाजूला वाळून बसला असेल, तर तेवढा धुतल्यावरही थरथर जाऊ शकते. चिकटवलेलं वजन गळून पडलं असेल तर त्या जागी स्वच्छ चौकोनी ठसा दिसतो. टायरला फुगा आला असेल तर बॅलन्सिंगवर पैसे घालू नका, टायरच बदला.

मग चारही चाकांचं बॅलन्सिंग करा आणि मशीनजवळ उभे राहा. वजनं लावल्यावर चाक पुन्हा फिरवून आत-बाहेर दोन्हीकडे शून्य आलं पाहिजे. त्यानंतर चाक मशीनवरून सोडवून, अर्धा फेरा फिरवून परत बसवायला सांगा. आकडा उडाला, तर चाक मशीनवर मधोमध बसलंच नव्हतं. ही चूक फार सर्रास होते. एका बाजूला 60 ग्रॅमपेक्षा जास्त वजन मागत असेल तर नुसती वजनं चिकटवत जाऊ नये. रिम खड्ड्यात वाकली आहे का ते फिरताना बघा. ती सरळ असेल तर टायर रिमवर अर्धा फेरा सरकवून पुन्हा मोजा.

चाक बसवताना हबचा गंज तारेच्या ब्रशने काढा. नट आधी हाताने, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. शेवटी टॉर्क पाना (ठरवलेल्या जोरानेच आवळणारा), मॅन्युअलमधल्या आकड्यावर.

तरीही थरथर राहिली तर पुढची चाकं मागे टाका. कंप सीटखाली गेला तर दोष चाकातच आहे. हातातच राहिला, तर गाडी जॅकवर घेऊन, स्टँड लावून चाक डावी-उजवीकडून हलवा : खेळ जाणवला तर टाय रॉड एंड (रॅकपासून चाकाकडे येणाऱ्या दांड्याचं टोक) तपासा. वर-खाली हलवल्यावर खेळ असेल तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. रॅकची पाळी या सगळ्यानंतर.

प्रश्न : घाट उतरताना ब्रेक दाबला की स्टिअरिंग हादरतं. एरवी शांत. हेही बॅलन्सिंगच का?

उत्तर : नाही, हा दोष पुढच्या ब्रेक डिस्कचा. डिस्क वाकडी झाली असं म्हणतात. पण बऱ्याचदा तिची जाडी जागोजागी मिलिमीटरच्या काही शतांशांनी बदललेली असते. डोळ्यांना ते दिसत नाही, मायक्रोमीटरने आठ ठिकाणी मोजावं लागतं. किमान जाडी बहुधा डिस्कवरच कोरलेली असते. लेथवर घासल्यावर त्याच्या खाली जाणार असेल, तर दोन्ही डिस्क पॅडसकट बदला. आणि घाटात दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरा, म्हणजे नव्या डिस्क तापून पुन्हा तसंच होणार नाही.