यूएचडी ६२०वर जीटीए ५ खेळायचा तर आधी रॅमचे स्लॉट बघा

तुमचा प्रश्न असा आहे: लॅपटॉप आय५-८२५०यू प्रोसेसरचा, ग्राफिक्स त्यातच असलेलं यूएचडी ६२०, रॅम ८ जीबी. जीटीए ५ या गेमच्या सगळ्या सेटिंग्ज नॉर्मलवर, म्हणजे सगळ्यात खालच्या पायरीवर, आणल्या तरी एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) वीस-बावीसच्या वर जात नाही. नवा लॅपटॉप परवडणार नाही, मग आता आणखी काय कमी करायचं?

नेमका हाच प्रोसेसर माझ्याकडे आहे. मी गोव्यात डिचोलीला असतो. २०१८ साली कॉलेजसाठी लॅपटॉप घेतला, आजही त्यावरच खेळतो. सुरुवातीला मीही मेन्यूत जे जे खाली ओढता येईल ते सगळं ओढलं. गेम कुरूप दिसायला लागला आणि वेग होता तिथेच राहिला. म्हणून सांगतो, मेन्यूत शिरण्याआधी टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर क्लिक करा आणि 'स्लॉट्स यूज्ड'समोर काय लिहिलंय ते वाचा. तिथे '१ ऑफ २' दिसलं, म्हणजे रॅम बसवायच्या दोन खाचांपैकी एकच भरलेली असली, तर तुमचं अर्धं दुखणं तिथेच आहे.

वेगळ्या ग्राफिक्स कार्डाला स्वतःची मेमरी असते, यूएचडी ६२०ला ती नसते. टेक्स्चर, सावल्या, तयार होणारी प्रत्येक फ्रेम, सगळ्यांची ये-जा तुमच्या साध्या रॅममधून चालते, आणि त्याच वाटेने प्रोसेसरचंही काम चालू असतं. डीडीआर४-२४०० जातीच्या रॅमची एकच स्टिक (पट्टी) असेल तर ही वाट सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी डेटा नेऊ शकते. दुसरी स्टिक दुसऱ्या चॅनलवर, म्हणजे शेजारच्या दुसऱ्या वाटेवर, बसली की ३८.४ जीबी. म्हापशाहून रोज सकाळी पणजीला जाणाऱ्यांना हे वेगळं समजवायला नको: मांडवीचा पूल तुंबला की गाडी कोणती आहे याला काही अर्थ उरत नाही.

माझ्या लॅपटॉपमध्ये दुकानदाराने ८ जीबीची एकच स्टिक दिली होती आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे हे सांगितलंही नव्हतं. दोन वर्षं मी तसाच खेळत राहिलो, याचं अजून वाईट वाटतं. दुसरी ८ जीबीची स्टिक घातली आणि त्याच सेटिंग्जवर, त्याच रस्त्यावर पंचविशीचा एफपीएस पस्तिशीच्या पुढे गेला. विकत घेताना लॅपटॉपची डीडीआर४ एसओडिम स्टिक मागा. ३२००ची मिळाली तरी चालेल, हा प्रोसेसर तिला २४००वरच चालवतो, त्यामुळे जास्त वेगासाठी जास्त पैसे मोजू नका. काही पातळ मॉडेलांत रॅम बोर्डलाच सोल्डर केलेली असते, तेव्हा खालचं झाकण उघडून खात्री करा आणि मगच दुकानात जा.

आता सेटिंग्ज. सगळ्यात आधी रिझोल्यूशन. १९२० × १०८० म्हणजे दर फ्रेमला वीस लाखांहून अधिक पिक्सेल, १२८० × ७२० म्हणजे सव्वानऊ लाखांच्या आत. निम्म्याहून जास्त काम एका फटक्यात वाचतं. फक्त स्क्रीन टाइप फुलस्क्रीन ठेवा. चित्र थोडं धूसर होईल, पण पंधरा इंची पडद्यावर दहा मिनिटांत डोळ्यांना सवय होते.

एमएसएए (चित्रातल्या कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) बंद करा, रिफ्लेक्शनचं वेगळं एमएसएए असतं तेही. हे मेमरीच्या वाटेवरचं सगळ्यात जड ओझं आहे. त्याऐवजी त्याच कामाचं हलकं एफएक्सएए चालू ठेवा, ते जवळजवळ फुकट पडतं. गवत, सावल्या आणि पोस्ट एफएक्स नॉर्मल, अँबियंट ऑक्लूजन आणि टेसेलेशन बंद. अ‍ॅडव्हान्स्ड ग्राफिक्समधलं तर काहीच चालू ठेवू नका, लांब सावल्या या चिपसाठी नाहीतच. अ‍ॅनिसोट्रॉपिक फिल्टरिंग मात्र ४एक्सवर राहू द्या, नाहीतर पुढचा रस्ता चिखलासारखा दिसतो आणि बंद करून हाती फारसं काही लागत नाही.

पॉप्युलेशन डेन्सिटी (रस्त्यावरची गर्दी) आणि डिस्टन्स स्केलिंग (किती लांबपर्यंत बारकावे दिसतात) हे मुख्यतः प्रोसेसरवरचं ओझं. इथे एक गोष्ट लक्षात घ्या: या चिपचं ठरलेलं पॉवर बजेट १५ वॅट आहे, आणि ते प्रोसेसर व ग्राफिक्स दोघांनी वाटून घ्यायचं असतं. प्रोसेसरने जास्त ओढलं की ग्राफिक्सच्या वाट्याला कमी येतं. म्हणून हे दोन्ही स्लायडर खाली आणले की ग्राफिक्सलाही श्वास मिळतो. टर्बो (गरज पडली की प्रोसेसरचा वेग मूळ वेगाच्या वर नेणारी सोय) बंद करण्याची युक्तीही याच कारणासाठी सांगितली जाते. पण या प्रोसेसरचा मूळ वेग १.६ गिगाहर्ट्झ आहे आणि जीटीए प्रोसेसरही भरपूर खातो, त्यामुळे या गेमसाठी मी ती करणार नाही. त्यापेक्षा एफपीएसला ३०ची मर्यादा घाला. पंचविसावरून चाळिसावर उड्या मारणाऱ्या गेमपेक्षा दर ३३ मिलिसेकंदांना नेमाने येणारी फ्रेम हाताला कितीतरी बरी लागते, आणि चिपही कमी तापते.

तापण्याला आपल्याकडे हलकं घेऊ नका. मे महिन्यात घाम निघतो, किनाऱ्याजवळ हवेत मीठ, आमच्याकडे धूळ. गेल्या चवथीला मामेभाऊ आला होता. तो गोधडीवर लॅपटॉप ठेवून खेळला आणि वीस मिनिटांत वेग अर्ध्यावर आला, कारण खालची जाळी पूर्ण बंद झाली होती. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मागची बाजू पुस्तकाने दोन बोटं उचला आणि वर्षातून एकदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट बदलून घ्या. पावसाळ्यात वीज गेली की खेळणं तिथेच थांबवा, बॅटरीवर बहुतेक लॅपटॉप चिपची पॉवर कमी करतात, मग सेटिंग्जना दोष देण्यात अर्थ नाही.

बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधी उघडता येणाऱ्या सेटिंग्जमध्ये) ग्राफिक्सची मेमरी वाढवण्याचा सल्लाही तुम्हाला कोणीतरी देईल. इंटेलमध्ये त्याने वेग जवळपास वाढत नाही, फक्त विंडोजसाठी रॅम कमी उरते. ८ जीबीत तर तो तोटाच. त्यापेक्षा खेळण्याआधी ब्राउझर पूर्ण बंद करा.

आणि एक तपासा: तुम्ही कोणती आवृत्ती उतरवली आहे? मार्च २०२५पासून पीसीवर 'एनहान्स्ड' नावाची नवी आवृत्ती आली आहे, ती आपल्या चिपसाठी नाही. लायब्ररीत 'लेगसी' नावाची जुनी आवृत्ती असेल ती घ्या. स्लॉटमध्ये काय दिसलं ते खाली लिहा, लॅपटॉपचं मॉडेलही द्या, म्हणजे कोणती स्टिक बसेल ते बघून सांगतो.