रखुमाई रुसली तेव्हा

मनातलं : वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

आषाढ जवळ आला की देवाधर्माची पत्रं वाढतात. या वेळी आलेल्यांपैकी तीनच घेतलीत, कारण पहिल्या पत्राला थोडक्यात उत्तर देणं मला जमलं नाही. नावं गावं नेहमीसारखी काढून टाकली आहेत.

प्रश्न : ताई नमस्कार. मी 41 वर्षांची, सातारा जिल्ह्यात राहते, शाळेत शिक्षिका आहे. माझे मिस्टर 2021 च्या मे महिन्यात कोविडने गेले. अकरा दिवस ऑक्सिजनवर होते आणि त्या अकरा दिवसात ज्याने जे सांगितलं ते सगळं मी केलं, पारायण, अखंड दिवा, अनवाणी राहणं, सगळं. ते गेले त्या दिवसापासून मी देवापुढे दिवा लावलेला नाही. सासूबाई वारकरी, गळ्यात माळ आहे. त्या वर्षी पायी वारी नव्हती, माऊलींच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, तर सासूबाई आमच्या गच्चीवर विठ्ठल विठ्ठल करत फेऱ्या मारत होत्या. पोटचा मुलगा जाऊन अडीच महिने झालेले. मला त्यांचा इतका राग आला होता की तो आजही पूर्ण गेलेला नाही. आता त्या 73 च्या आहेत, गुडघे दुखतात, एकटीला सोडवत नाही, आणि म्हणतात यंदा तू चल माझ्यासोबत. विश्वास नसताना गेले तर ते ढोंग नाही का? आणि दुसरं, हे कुणालाच सांगितलेलं नाही. ओळखीतले एक गृहस्थ आहेत, त्यांचीही पत्नी गेली, त्यांनी लग्नाचं विचारलंय. मी हो म्हटलं नाही पण नाहीही म्हटलं नाही. रोज संध्याकाळी फोनची वाट बघते आणि मग माझीच मला लाज वाटते. मुलगा तेरा वर्षांचा आहे. काय करू? (मला अगंतुगं केलंत तरी चालेल.)

उत्तर : अगं, तुझं पत्र वाचलं आणि मी उठून आमच्या देवघरापाशी जाऊन बसले, कारण हे माझ्याही घरात झालंय.

माझा धाकटा भाऊ त्याच वर्षी एप्रिलमध्ये गेला. बेड मिळेपर्यंत दोन दिवस गेले, मिळाला तेव्हा उशीर झाला होता. तो गेल्यावर तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी देवघरातले सगळे देव स्टीलच्या डब्यात घातले, वर झाकण लावलं आणि डबा माळ्यावर टाकला. कुणाला काही बोलले नाही. अकरा महिने तो डबा तिथेच होता, रिकाम्या देवघरात मी चष्मा आणि औषधं ठेवायला लागले होते.

मग आई राहायला आली. तिने देवघर बघितलं, काहीच विचारलं नाही, दुपारी माझ्या मुलाला सांगून माळ्यावरून डबा खाली काढायला लावला आणि ओट्यापाशी स्टुलावर बसून चिंच भिजत घातली. मी शेजारीच उभी होते. पितळेचा बाळकृष्ण पार काळा पडला होता, गुडघ्याच्या बेचक्यात आणि कानामागे हिरवट साचलेलं. तिने काडेपेटीच्या काडीला कापूस गुंडाळला आणि त्याचे कान साफ करायला लागली, अगदी लहान मुलाचे करतात तसे, मान तिरकी करून. मी म्हटलं आई, तुला राग नाही येत? तुझा मुलगा नेला त्याने. तर ती मान वर न करता म्हणाली, "मी पण बोलत नाहीये त्याच्याशी. पण घरातल्या माणसाशी भांडण झालं म्हणून त्याचं जेवणखाण, अंघोळ बंद करतो का आपण?"

मला तोपर्यंत वाटत होतं की दोनच गोष्टी शक्य आहेत, विश्वास आहे किंवा नाही. भांडण चालू आहे आणि अंघोळही चालू आहे असं तिसरं काही असू शकतं हे मला आईने दाखवलं, तेही चिंच चोळता चोळता.

आता तुझ्या सासूबाईंच्या त्या गच्चीवरच्या फेऱ्या आठव. त्या देवाचे आभार मानत होत्या असं तू धरून चाललीयस. मला नाही तसं वाटत. जिचा मुलगा गेलाय ती बाई दर वर्षी या दिवसांत चालते, पायांना तेवढंच माहीत आहे, रस्ता बंद होता म्हणून ती गच्चीवर चालली. त्या विठ्ठल विठ्ठल म्हणण्यात किती शिव्या होत्या हे तुला तरी कुठे माहितीये? कधी विचारलंस का? एकदा विचार. पाच वर्षं होत आली, तुम्ही दोघी एका छताखाली एकाच माणसासाठी वेगवेगळ्या रडताय.

आणि पंढरपूरचंच म्हणशील तर तिथे रुसवा काही नवीन नाही. गोष्ट तुला माहीत असेल, राधेवरून रखुमाई रुसली आणि द्वारका सोडून दिंडीरवनात निघून आली, तिला शोधत देव मागोमाग आला आणि पुंडलिकाने आईवडिलांची सेवा अर्धी सोडायला नको म्हणून वीट भिरकावली, तिच्यावर उभा राहिला तो राहिलाच. आजसुद्धा रखुमाईचं देऊळ विठ्ठलाच्या गाभाऱ्यापासून वेगळं आहे, त्याच आवारात पण मागच्या बाजूला. दर्शनाला गेलं की दोन ठिकाणी जावं लागतं. म्हणजे बघ, ज्या देवासाठी लाखो लोक चालत जातात तो तिथे मुळात आलाय तो रुसलेल्या बायकोला शोधत. मला ही गोष्ट लहानपणी गंमत वाटायची, भाऊ गेल्यावर मला ती पहिल्यांदा नीट ऐकू आली.

आपल्या संतांनीही राग लपवलेला नाही. तुकोबांच्या घरात 1630 च्या आसपासच्या दुष्काळात थोरली बायको अन्न अन्न करत गेली, मुलगाही गेला. याच तुकोबांचा एक अभंग आहे ज्यात ते सरळ म्हणतात की माझ्या लेखी देव मेला. जनाबाई तर त्याला विठ्या म्हणून शिव्याशाप देते. हे कुणी गाथेतून पुसून टाकलं नाही, शेकडो वर्षं जपून ठेवलं. तर तू दिवा लावत नाहीस म्हणून तू काही त्या परंपरेच्या बाहेर गेलेली नाहीस.

वारीत ढोंग होईल का, तर नाही होणार. तिथे विश्वासाचं तिकीट कुणी मागत नाही. तू सासूबाईंचं गुडघ्याचं तेल आणि पाण्याची बाटली घेऊन सून म्हणून जा, तेवढं कारण पुरेसं आहे. पूर्ण चालू नकोस आणि त्यांनाही चालू देऊ नकोस, आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर होतं, या गुडघ्यांना ते झेपणार नाही. माऊलींची पालखी नीरा नदी ओलांडून तुमच्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम असतो. लोणंद ते तरडगाव हा टप्पा त्यातल्या त्यात छोटा आहे आणि वाटेत चांदोबाचा लिंब इथे पहिलं उभं रिंगण होतं, तो घोडा धावताना बघण्यासारखा असतो आणि गेल्यावर लोक त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावतात. एवढंच करा. त्यांच्या दिंडीतल्या बायकांना आधी फोन करून सांग, सामानाच्या ट्रकमध्ये बसायची सोय होते का विचार, बुटांऐवजी वापरून मऊ झालेली चप्पल घे, आणि पाऊस असणारच तेव्हा डोक्यावरून घ्यायचं मेणकापड दोघींसाठी.

एक गोष्ट आधीच सांगून ठेवते म्हणजे दचकणार नाहीस. तिथे अनोळखी म्हातारी माणसं तुझ्या पाया पडतील. सगळे एकमेकांना माऊली म्हणतात आणि वाकतात, वय बघत नाहीत, कुंकू आहे की नाही बघत नाहीत. मी पहिल्यांदा गेले तेव्हा माझ्या वडिलांच्या वयाचे एक आजोबा वाकले, हाताला शेतातल्या मातीच्या भेगा होत्या, मी मागे सरकले तर म्हणाले माऊली पाय नका ओढू. मी पण मग वाकले. देव आहे की नाही याचं त्या क्षणी काही उत्तर मिळालं नाही मला, पण बऱ्याच महिन्यांनी पोटभर रडले.

आता फोनची वाट बघण्याचं. लाज कसली गं? पाच वर्षं जिला सकाळी उठून डबे भरायचे म्हणून उठावं लागलं तिला संध्याकाळ व्हावी असं वाटायला लागलंय, याच्याइतकी चांगली बातमी तुझ्या पत्रात दुसरी नाही. त्या अकरा दिवसात तू आशा ठेवलीस आणि ती मोडली म्हणून आता आशेचीच भीती बसलीय तुला, मला असं दिसतंय. मिस्टरांवरचं प्रेम संपलं म्हणून हे सुरू झालेलं नाहीये. भिंतीवरचा त्यांचा फोटो तिथेच राहील, आणि ज्या माणसाला तो फोटो खुपेल त्याच्याशी लग्न करायचंच नाही, ही माझी अट समज. त्या गृहस्थांची पण पत्नी गेलीय म्हणतेस, म्हणजे त्यांच्याही भिंतीवर एक फोटो असणार, त्याविषयी बोलून बघ, माणूस कसा आहे ते तिथे कळेल.

गावाची भीती मी समजू शकते. पण दिवस बदलतायत, कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने मे 2022 मध्ये ठराव केला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं हे आमच्या गावात बंद, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करा म्हणून परिपत्रक काढलं. एका गावाला जमलं. तुझ्या बाजूने एवढंच कर की सासूबाईंना बाहेरून कळायच्या आत तू स्वतः सांग. कदाचित लोणंदच्या रस्त्यावरच सांग, चालताना समोर बघायचं असतं, एकमेकींच्या डोळ्यात बघावं लागत नाही, अवघड गोष्टी बोलायला ते बरं पडतं. त्या चिडतील, गप्प बसतील, दोन मुक्काम बोलणार नाहीत, चालेल. मुलाला त्यांच्यानंतर सांग, आणि विचार म्हणून सांग, निर्णय म्हणून नको. घाई कशाचीच नाहीये.

दिव्याचं मी काहीच सांगणार नाही. तो तुझा आणि त्याचा मामला आहे.

प्रश्न : मी 27 वर्षांचा, पुण्यात पेठेत कॉट बेसिसवर राहून चार वर्षं स्पर्धा परीक्षा देतोय. आईने तुळजापूरला नवस बोललाय आणि माझी पोस्ट निघेपर्यंत ती गोड खात नाही. एक मुलगी आहे, ती थांबायला तयार आहे पण तिच्या घरी स्थळं बघतायत. आता अभ्यासाला बसलो की आईचं गोड न खाणं आणि हिचं थांबणं हेच डोळ्यासमोर येतं. आशा ठेवावी की सोडावी?

उत्तर : अरे, तुझी आशा तुला जड होत नाहीये, दोन बायकांच्या आशेचं ओझं तुझ्या पाठीवर आलंय. आधी या रविवारी घरी जा आणि आईला स्वतःच्या हाताने पेढा भरव, सांग की देवीला जे बोललीस ते फेडायचं तेव्हा आपण दोघं जाऊन फेडू पण तुझ्या तोंडातला घास माझ्या रिझल्टला बांधू नकोस. आई रडेल, खाईल. देवी रागवेल अशी भीती तिला असेल तर पेढा आधी देवीपुढे ठेवा आणि प्रसाद म्हणून द्या, प्रसादाला कुणी नाही म्हणत नाही.

त्या मुलीला मात्र तारीख दे. थांब म्हणणं आणि अमुक महिन्यापर्यंत थांब म्हणणं यात फार फरक आहे, पहिल्यात ती लटकते, दुसऱ्यात तुम्ही दोघं मिळून ठरवता. पुढची परीक्षा शेवटची धरायची असेल तर तसं आज ठरव, आणि दुसरं काम कुठलं करणार ते पण आजच कागदावर लिही. ते लिहिलेलं असलं की अभ्यासही शांतपणे होतो, मी माझ्या भाच्याच्या बाबतीत बघितलंय.

प्रश्न : मी 71 वर्षांचा, एसटीतून रिटायर्ड कंडक्टर. सौभाग्यवतींना अल्झायमर आहे, तीन वर्षं झाली. मला ओळखत नाही. पण संध्याकाळी हरिपाठ सुरू केला की एक शब्द चुकत नाही. मला वाईट वाटतं, कधी कधी देवाचा मत्सर वाटतो की पंचेचाळीस वर्षं संसार मी केला आणि लक्षात तो राहिला. परवा मला म्हणाली, "ओ मास्तर, पंढरपूरचं एक फुल द्या." मी आत जाऊन रडलो. असा मत्सर करणं पाप आहे का?

उत्तर : काका, पाप कसलं, प्रेम आहे म्हणून तर लागतंय. लहानपणापासून रोज म्हटलेलं, चालीत म्हटलेलं जे असतं ते या आजारात बऱ्याचदा उशिरापर्यंत टिकतं, नावं आणि चेहरे आधी जातात. त्यात तिने देवाला निवडलं आणि तुम्हाला सोडलं असं काही नाहीये, हरिपाठ तिच्या जिभेत आणि टाळीत बसलाय एवढंच. तेव्हा तिला "मी कोण सांग" असं विचारू नका, परीक्षा घेतली की ती घाबरते आणि तुम्ही दुखावता. त्यापेक्षा हरिपाठाला समोर न बसता शेजारी बसा आणि तुमचा तळहात पुढे करा, बघा ती त्यावर टाळी देते का. आणि आठवड्यातून एक दुपार तरी तिच्यापाशी दुसरं कुणीतरी बसेल असं करा, तुम्ही आजारी पडलात तर तिचं कसं व्हायचं.

पण तुमच्या पत्रातली एक गोष्ट तुमच्या नजरेतून सुटलीय असं मला वाटतं. ती तुम्हाला मास्तर म्हणाली. पूर्ण आयुष्य लोकांनी तुम्हाला ज्या नावाने हाक मारली तीच हाक तिने मारली, घरात इतर कुणाला मारली नसेल. पुढच्या वेळी आत जाऊ नका. तिकीट पंच करायचा तुमचा जुना चिमटा असेल तर काढून ठेवा, तो आवाज तिला ओळखीचा असणार. कागदाचा एक कपटा घ्या, टिकटिक करा आणि म्हणा, बाई एक नाही दोन फुल लागतील, मी पण येतोय. खिडकीची जागा तिला द्या.