जुना वळण बंधारा बदलताना आधी तळ आणि काठ पाहा

प्रश्न : आमच्या नदीवरचा दगडी वळण बंधारा चाळीस वर्षांहून जुना आहे. पाणी अडतं, पण दिवाळीपर्यंत निघून जातं आणि पाटात येतच नाही. यंदाच्या पुरात उजवा काठही खचला. वरून सिमेंटचा थर दिला तर चालेल का? नवीन बांधायचा तर दोन फूट उंच मागावा का? आणि त्या वर्षीच्या रब्बीचं काय करावं?

उत्तर : शेतकरी बंधूंनो, वरून थर देऊन पैसा घालवू नका. तुमचं पाणी भिंतीतून नाही, भिंतीच्या खालून जातंय. बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला जिथे पाणी उमळतं, तिथे जाऊन नीट पाहा. पाणी निवळ असेल तर नुसता पाझर आहे. गढूळ असेल किंवा सोबत वाळू वर येत असेल, तर पायाखालची माती वाहून चालली आहे आणि आत पोकळी होतेय. अशी भिंत वरून धडधाकट दिसते आणि एका पुरात बसते.

खालून जाणाऱ्या पाण्याची वाट जितकी लांब, तितका त्याचा जोर कमी. ब्लाय या अभियंत्याचा जुना हिशेब अजूनही ढोबळ तपासणीला उपयोगी पडतो : वाट अडवलेल्या पाण्याच्या उंचीच्या जाड वाळूत 12 पट, बारीक वाळूत 15 पट लांब हवी. म्हणजे जाड वाळूच्या तळावर 2 मीटर पाणी अडवायचं तर 24 मीटर. त्यासाठी नदीच्या तळावर भिंतीला जोडून एवढी लांब फरशी लागत नाही. जमिनीत उतरवलेल्या कट-ऑफ भिंतीच्या एका अंगाने पाणी उतरतं, दुसऱ्या अंगाने चढतं, म्हणून तिची खोली दुप्पट मोजतात. वरच्या व खालच्या टोकाला 2-2 मीटरच्या दोन भिंती दिल्या की 8 मीटर मिळाले. उरलेले 16 फरशीचे. खालची कट-ऑफ वगळून खर्च वाचवायचा मोह होतो. तो धरू नका, कारण पुराचं पाणी फरशी संपते तिथेच खड्डा पाडतं. अंतिम आराखडा अभियंत्याचाच, पण हा हिशेब त्यांना जरूर विचारा. पक्का खडक जवळ लागत असेल तर पाया सरळ खडकात रोवता येतो. म्हणून अंदाजपत्रकाआधी दोन्ही काठ आणि मध्यभागी चाचणी खड्डे घ्यायला लावा.

काठ खचला त्याचं कारण बहुतेक वेळा मागच्या भरावात असतं. आपल्याकडची काळी माती भिजली की फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पहिला पूर त्या भेगेतून शिरतो. पंखभिंत, म्हणजे बंधाऱ्याच्या टोकाची काठाला धरून ठेवणारी भिंत, पक्क्या मुरमापर्यंत काठात घुसवा. मागे नुसती काळी माती भरू नका. मुरूम मिसळून 20 सेंटिमीटरचे थर, पाणी शिंपडून धुम्मस. वर खडी-वाळूचा थर आणि मगच दगडी पिचिंग, म्हणजे उतारावर रचलेलं दगडांचं अस्तर.

उंची वाढवायला माझा विरोध आहे. माथा दोन फूट वर गेला की पुराची पातळीही जवळजवळ तेवढीच चढते आणि वरच्या अंगाची वावरं बुडतात. माथ्याची लांबीही कमी होऊ देऊ नका. 30 मीटर माथ्यावरून दीड मीटर पाणी गेलं तर सेकंदाला सुमारे 90 घनमीटर निघतं. तोच माथा 20 मीटरचा केला तर 60 च्या आसपास. उरलेलं पाणी काठ फोडूनच जाणार. पाटात पाणी येत नाही त्याला पुष्कळदा तोंडाशी साचलेला गाळही कारण असतो. पाटाच्या तोंडाला लागूनच गाळ सोडायची मोरी मागा. तिचा उंबरा पाटाच्या उंबऱ्यापेक्षा दोन-अडीच फूट खाली हवा, आणि दार पुरात उघडायची जबाबदारी कुणाची ते गावात आधीच ठरवा. दार वर्षानुवर्षं बंद राहिलं तर मोरी असून नसल्यासारखी.

कामाला जानेवारी ते मेअखेर एवढाच काळ आहे. पाया मार्चअखेर जमिनीवर आला नाही, तर उरलेलं काम पुढच्या वर्षावर टाकलेलं बरं. वरच्या अंगाला मातीच्या गोण्यांचा तात्पुरता बांध घालून प्रवाह वळवा. जुनी भिंत बसकी नसेल तर तीही आडोशाला ठेवता येते. खड्ड्यात पाणी असताना काँक्रीट ओतू देऊ नका, सिमेंट धुऊन जातं. आधी पंपाने उपसा. पाया झाकण्याआधी त्याची खोली मोजून फोटो ठेवा. काँक्रीट निदान 14 दिवस ओलं राहिलं पाहिजे. एप्रिल-मेच्या उन्हात ओली पोती टाकल्याशिवाय ते जमत नाही.

रब्बी सोडू नका, पीक बदला. त्या वर्षी पाटावर गहू नको, त्याला फेब्रुवारीपर्यंत पाणी लागतं. हरभरा ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरा. पहिलं पाणी फांद्या फुटताना 30-35 दिवसांनी, दुसरं घाटे भरताना 60-65 दिवसांनी. डिसेंबर संपता पाट मोकळा होतो. भारी जमिनीत जास्त पाण्याने हरभरा उभळतो, म्हणजे पिवळा पडून वाळतो, म्हणून ही दोनच पाणी, तीही हलकी.

उकरलेल्या गाळात चिकण माती असेल तर हलक्या वावरात घाला, वाळूला मात्र तहसीलदारांची परवानगी लागते. बंधारा कुणाच्या नोंदीत आहे ते आधी शोधा : 100 हेक्टरपर्यंत भिजवणारा बहुधा जिल्हा परिषदेच्या लघुसिंचन विभागाकडे, त्यावरचा मृद व जलसंधारण किंवा जलसंपदा विभागाकडे. ग्रामसभेच्या ठरावासोबत गढूळ पाझराचे व खचलेल्या काठाचे तारखेसह फोटो जोडा.