बुलियन टाक्याचे वेढे का सुटतात?

प्रश्न : ताई, नातीच्या फ्रॉकवर छातीपाशी बुलियन टाक्याचे, म्हणजे सुईभोवती दोऱ्याचे वेढे घालून काढतात त्या टाक्याचे, गुलाब काढायला घेतलेत. चवथीला तिला घालायचा आहे. साखळी टाका, काज टाका मला चांगले येतात, पण हा काही केल्या जमत नाही. वेढे सुईवर अडकतात, ओढले की सैल होऊन गुंता होतो. माझ्या हातातच दोष आहे का? आणि धुतल्यावर हे गुलाब टिकतील ना?
– एक आजी, डिचोली

उत्तर : आजी, साखळी नि काज ज्या हाताला येतात त्या हातात दोष नाही. आधी सुई बघा. भरतकामाच्या नेहमीच्या सुईचं नेढं लांबट असतं आणि दांड्यापेक्षा रुंद. वेढे दांड्यावरून नीट सरकत येतात, नेढ्यापाशी अडतात, आपण जोर लावतो आणि सगळं विस्कटतं. या टाक्याला मिलिनर सुई घ्या. दुकानात या नावाने कळलं नाही तर बारीक गोल नेढ्याची, हातशिवणाची लांब सुई मागा. चिमटीत धरून टोकापासून नेढ्यापर्यंत बोट फिरवा. फुगवटा लागला तर ती नको.

आता टाका. लडीतल्या सहा पदरांपैकी तीनच घ्या, तेही हातभर लांबीचे. पाकळीच्या एका टोकाशी सुई वर काढा, दुसऱ्या टोकाशी खाली घाला आणि पहिल्या जागी टोक पुन्हा वर आणा, पण सुई पूर्ण ओढू नका. दोरा जिथून निघाला तिथूनच घेऊन टोकाभोवती वेढे घाला. ते शेजारी शेजारी बसवा, एकावर एक चढू देऊ नका. आवळूनही घालू नका. सुई आत फिरवली तर सहज फिरायला हवी. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून वेढे घालून बघा. एका दिशेने दोऱ्याचा पीळ उकलतो, ती दिशा सोडा.

मग डाव्या अंगठ्याखाली सगळे वेढे धरा आणि सुई सावकाश ओढा. दोरा पूर्ण येईपर्यंत अंगठा उचलायचा नाही, खरी मेख इथेच आहे. शेवटी दोरा पाकळीच्या दुसऱ्या टोकाकडे ओढून वेटोळं आडवं करा, सुईच्या पोटाने खालून चोळा आणि तिथेच सुई खाली घाला. आणखी एक, रिंगमधलं कापड थोडं सैल ठेवा. ताणलेल्या कापडात सुई अशी तिरकी घालता येत नाही.

मधल्या पाकळ्यांना गडद रंग, बाहेरच्यांना फिका. बाहेरच्या पाकळीला तिच्या लांबीला पुरतात त्यापेक्षा दोन-तीन वेढे जास्त घातले की ती कडबोळ्यासारखी वळते आणि गुलाबाला गोलाई येते. मला हे गुलाब बाजारातल्या चिकटवायच्या फुलांपेक्षा कितीतरी आवडतात, लहान मुलांच्या कपड्यांवर तर फारच. मात्र पाकळ्या आखूड ठेवा, लांब वेटोळ्यात बाळाची बोटं अडकतात.

पावसाळ्यात सुई रात्रभर कापडात टोचून ठेवू नका. आपल्या दमट हवेत ती गंजते आणि फ्रॉकवर पडलेला डाग सहजासहजी निघत नाही.

टिकतील का विचारलंत, तर हो, मागचा दोरा नीट अडकवलात तर टिकतील. फ्रॉक उलटा करून हाताने धुवा, पिळू नका. इस्त्री करताना जाड टॉवेलवर पालथा घाला आणि मागूनच फिरवा, म्हणजे गुलाब चपटे होणार नाहीत.